पितळी पुंगळ्या

दसरा जवळ आला की मल्लेश्वरमच्या घरात मल्हारराव उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन बसत. त्यांत दारू आणि गोळी भरून घरीच नवी काडतुसं करत आणि दसऱ्याला बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, पानांबरोबर धाकट्या भावाला देत. यशोवर्धनच्या सर्जापूरकडच्या रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात रानडुकरं शिरायची.

"पितळेच्याच भरायच्या," ते बायकोला दरवर्षी ऐकवत. "एकदा उडालेली स्टीलची घरी पुन्हा भरली, तर दुसऱ्या बाराला फुटायची. हात जायचा, नाहीतर डोळा."

यंदाही ते डब्यातल्या पुंगळ्या पुसून टेबलावर मांडत होते. शेजारी कौशल्याबाई पोलक्याला हुक लावत होत्या. सुई खाली पडली म्हणून त्यांनी लोहचुंबक उचलला, तशी एक पिवळीधमक पुंगळी टपकन त्याला जाऊन चिकटली.

"अहो, पितळ असं चिकटतं होय?"

मल्हाररावांनी चुंबक हिसकावून घेतला. दुसरी चिकटली, तिसरीही. सुरीनं खरवडलं तर पिवळ्या मुलाम्याखाली करडं पोलाद.

"गेल्या वर्षीच्या?" बाईंनी विचारलं.

"त्याही याच डब्यातल्या."

त्यांनी लगेच यशोवर्धनच्या घरी फोन फिरवला. पलीकडून धाकट्या भावजयीनं उचलला. यशोवर्धनला दे म्हटल्यावर ती हसतच म्हणाली,


"ते रानात गेलेत, अण्णा. दसऱ्याला नवी मिळणारच आहेत, म्हणून तुम्ही दिलेली आज सगळी संपवून येतो म्हणाले."