‘तू’

लेणी पाहायला जुन्नरला आलेली जुलिया रोज तासभर शाळेत इटालियन शिकवू लागली आणि दुसरीची पोरं तिच्यासारखे हातवारे करत बोलू लागली. तेव्हापासून त्यांच्या वर्गशिक्षिका रत्नाबाईंच्या पोटात दुखत होतं. “जुलियाताई, तू आमच्यासंगं जेव,” फरहा म्हणाली तशा बाई कडाडल्या, “मोठ्या माणसांना ‘तुम्ही’ म्हणावं.” “पन बाई, इटलीत बी ‘तू’ला ‘तू’च म्हनत्यात.” वर्ग हसला. “इटलीत म्हणत असतील. माझ्या वर्गात चालणार नाही.” बाईंना इतक्या वर्षांत एकाही पोरानं ‘तू’ म्हटलं नव्हतं, तो मान आईचा, मावशीचा, आणि आता या परकीचा. आठवड्यानं जुलिया गेली. मधल्या सुट्टीत फरहा सुटलेली रिबीन घेऊन बाईंच्या गुडघ्याला टेकली. “बाई, तू बांध ना.” बाईंचे हात पुढे झाले. ते रिबिनीपर्यंत पोचायच्या आत फरहानं जीभ चावली. “चुकलं, बाई. तुमी बांधा.”