उतरण्याआधीची चपटी

मुकादमाने झाकण काढलेल्या गटाराशेजारी नेहमीप्रमाणे दारूच्या दोन चपट्या ठेवल्या. एक आत उतरणाऱ्या हरचंदला, एक वरून दोर धरणाऱ्या बबनला. पण व्यसनमुक्ती केंद्रातून चार महिन्यांनी कामावर आलेल्या हरचंदने बाटलीला हातच लावला नाही.

"सोडली, साहेब."

"शाब्बास रे वाघा!" मुकादम नाकावरचा रुमाल न काढता म्हणाला. "चल, मग तसाच उतर."

"तसं उतरता येत नाही."

"का? केंद्रात जाऊन लाटसाहेब झालास?"

"तुम्ही रुमाल का धरलाय? वास येतो म्हणून ना? आता मलाही येतो. लोक म्हणायचे, बेवडा आहे म्हणून गटारात उतरतो. साफ खोटं! गटारात उतरायचं होतं म्हणून बेवडा झालो. मशीन मागवा."

"हाकलून देईन, भडव्या!"

हरचंदच्या हातापासून चपटी वीतभर अंतरावर होती. तरी गडी पाय रोवून उभा राहिला. बबन बघतच राहिला. एकोणीस वर्षं तो ह्या माणसाला दोराने खाली सोडत आला होता. हा एवढा उंच आहे, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं.

"बबन, तू उतर!" मुकादम गरजला.

बबनने आपली चपटी उचलली. सकाळपासून त्याच्या पोटात थेंब गेला नव्हता. गटारातून आलेला भपकारा थेट त्याच्या डोक्यात गेला. त्याने चपटी मुकादमाच्या हातात ठेवली आणि शांतपणे दोर गुंडाळायला घेतला.

"मशीनच मागवा, साहेब. वास मलाही येतोय."