निळ्या डोळ्यांचा घोडा

फोटो नाकाजवळ धरताच म्हातारा ग्वाक दालसू ओरडला, "अगं, हा तर माझाच घोडा!"

हातातली कॉफी शर्टावर सांडली, तरी त्याला भान नव्हतं. सोलमधल्या ह्वांगहाक-दोंगच्या जुन्या बाजारात त्याचं खेळण्यांचं दुकान होतं. माळ्यावर सापडलेल्या तीनचाकी सायकली, पायडलच्या मोटारी, प्लास्टिकचे घोडे घेऊन लोक यायचे आणि कुठला, कधीचा, ते हा सांगायचा. पण त्याच्या तरुणपणीचा घोडा असा परत भेटायला कधी आला नव्हता. तेव्हा हातगाडीवर स्प्रिंगांना टांगलेले घोडे घेऊन, चार पैशांत पोरांना झुलवत, तो सांगदोच्या टेकडीवर गल्लोगल्ली फिरायचा. पोरं धावत यायची, त्यांच्या आया मागून ओरडत यायच्या.

"डोळे बघ, निळे! काळा रंग संपला होता, म्हणून मीच निळे रंगवले. अख्ख्या सोलमध्ये असा दुसरा सापडला तर नाव बदलीन."

फोटो घेऊन आलेली समोरची बाई पन्नाशीची. चेहरा इथला, नाव मेरेटे. तीन वर्षांची असताना ती डेन्मार्कला दत्तक गेली होती आणि इथली भाषा आत्ता कुठे शिकली होती. मोठ्यांशी कसं बोलायचं ते तिला जमत नव्हतं. लहान पोरासारखी सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

"म्हणजे तू आमच्या गल्लीत आला होतास?" तिचा आवाज चिरकला. "आईने मला तुझ्या घोड्यावर बसवलं! तिकडे सगळे म्हणतात, टाकून दिली तुला. पण टाकायचंच असतं, तर घोड्यावर कशाला बसवलं असतं? हा हात बघ. तिचाच ना?"

फोटोच्या कडेला, घोड्यावर बसलेल्या छोट्या मेरेटेच्या पाठीला टेकवलेला एक हात दिसत होता. "थांब, आधी माझा घोडा बघू दे," म्हणत दालसूने भिंग घेतलं आणि डोळ्यांवरून खाली घोड्याच्या पायांकडे सरकवलं.

घोड्याला स्प्रिंगा नव्हत्या. पाय लाकडी फळीवर ठोकलेले होते. ती फळी त्यानेच ठोकली होती. स्प्रिंगा तुटल्यावर घोडा भंगारात घालवेना, म्हणून त्याने तो नदीकाठच्या अनाथाश्रमाला देऊन टाकला होता. परदेशी पाठवायच्या पोरांचे फोटो काढायला बरा पडतो, असं तिथल्या बाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. कडेच्या त्या हाताची बाही पांढरी होती, आश्रमातल्या बायकांच्या झग्यासारखी.

त्याने नुसतं 'सांगदो' एवढं म्हटलं असतं तरी ती खूश झाली असती. आणि मग उरलेला जन्म त्या टेकडीवर दारोदार फोटो दाखवत फिरली असती. आपण आधीच तोंड उघडून बसलो, याची त्याला स्वतःची चीड आली.

"पोरी, हा घोडा हलत नव्हता."

"काय?"

"फोटो गल्लीतला नाही. आश्रमातला आहे, घोडा फळीवर ठोकल्यानंतरचा. हात तिथल्या बाईचा. तुझी आई तेव्हा..."

मेरेटे स्टुलावर बसली. रडली नाही. फोटोवरून अंगठा फिरवत राहिली आणि मग हट्टाने म्हणाली, "हलत होता. वर-खाली, वर-खाली. मी पडू नये म्हणून कुणीतरी माझ्या खालून दोन्ही हात लावलेले. आयाळ माझ्या तोंडात जायची. तू खोटं बोलतोस!"

दालसूने पुन्हा फोटोकडे पाहिलं नाही. त्या घोड्याची आयाळ प्लास्टिकची, मानेलाच चिकटलेली. ती कुणाच्या तोंडात कशी जाणार? त्याच्या घरी धाकटी भावंडं आईच्या पाठीला दुपट्याने बांधलेली असायची. ती अशीच वर-खाली होत, तिच्या केसांत तोंड खुपसून झोपायची.

"आयाळीला काही वास यायचा का गं?" त्याने हळूच विचारलं.

"यायचा!" ती चटकन म्हणाली. "धुराचा. कोळशाच्या धुराचा. त्यावरून मी कुठली ते सांगता येईल? तुला तर सगळं ओळखता येतं."

म्हाताऱ्याने फोटो तिच्या हातात नीट ठेवला.

"तेव्हा घरोघरी कोळशाच्याच शेगड्या होत्या, पोरी. सगळ्याच बायकांच्या केसांना तो वास यायचा."