इथरची भट्टी

टोरोंटोच्या म्युझियममध्ये रुचानं दीडशे वर्षांपूर्वीचा इथरचा कारखाना उभा केला होता. ऑपरेशनआधी माणसाला बेशुद्ध करायचं औषध तेव्हा असल्याच तांब्याच्या भट्टीतून निघे. आज त्यात नुसतं पाणी उकळून थेंब पाडून दाखवायचे होते. पाहुणे दारात आणि वाफ सांध्यातूनच भसाभसा बाहेर! "आजी, पहिलंच काम माझं, फजिती होणार!" आईबरोबर बघायला आलेल्या आजीपुढं नात रडकुंडीला आली. तीस वर्षं सुनेपासून झाकलेली विद्या आजीच्या हातात शिवशिवली. "एवढं शिकून रडतेस? कँटीनमधून मूठभर मैदा आण!" तिनं घट्ट गोळा मळून सांधा लिंपला, नळीवर ओलं फडकं गुंडाळलं, आच कमी केली. टप्प! टप्प! टाळ्या कडाडल्या. डोळे विस्फारून सून म्हणाली, "आई, तुमच्या माहेरी तर दुधाचा धंदा होता ना?" पदराला पीठ पुसत आजी म्हणाली, "होता की! फौजदार आला की दूधच विकायचो."