झीलकरी

"साहेब, तबकडीवर आमचंबी नाव टाका ना," ढोलकीवाला मुखरू म्हणाला.

"जागा नसते. गायकाचं तेवढं छापतात." रेकॉर्ड काढायला मुंबईहून आलेल्या बर्व्यांनी यंत्रातून मानही वर काढली नाही.

"मंग घरी बायकोले, सुगंधाले, कसं पटन, वाजवनारा मीच हाओ म्हनून? ढोलकीवाले काय कमी हायेत जिल्ह्यात?"

बर्वे यंत्राची किल्ली पिळत राहिले. मुखरूला ते लागलं. मूल गावातल्या धानाच्या गोदामात, पोत्यांच्या थप्प्यांआड सगळेच उकडून निघाले होते. मेणाची एकच तबकडी उरली होती. बाकीच्या कुणाच्या तरी खोकल्यापायी वाया गेल्या होत्या.

गायक गुणवंतराव चांद्याचे. गोरेपान, निळ्या डोळ्यांचे. पण दंडारीचं, म्हणजे झाडीपट्टीतल्या रातभर चालणाऱ्या लोकनाट्याचं, गाणं असं म्हणत, की ऐकणाऱ्याला हा झाडीतलाच गडी वाटावा. खरं सांगायचं तर निम्मी करामत मागच्या मंडळींची. मुखरूची ढोलकी, चैतूचे टाळ, आणि लटारू नि दादाजी हे दोन झीलकरी. गाणाऱ्याच्या तोंडून शेवटचे शब्द सुटले, की हे दोघे ते झेलून सुरात परत म्हणणार. शब्द कोणते, ते बघायचं काम त्यांचं नव्हे.

"मी हात वर केला, की संपवायचं," बर्व्यांनी बजावलं.

गाणं असं जमलं, की बर्व्यांचीही मान डोलू लागली. मग त्यांनी हात वर केला. मुखरूचे डोळे मिटलेले. रात्रभर दंडार वाजवणारा माणूस तो, तीन मिनिटांत कसला थांबतो! गुणवंतरावांचा धीर सुटला.

"आता थांब रे मुखरू!"

झीलकऱ्यांनी ते उचललं. वरच्या पट्टीत, अगदी तालावर. "आता थांब रे मुखरू, हो जी, थांब रे मुखरू!" चैतूचे टाळ कडकडले आणि मुखरूनं झकास तिहाई घेऊन ढोलकी थांबवली. तबकडीही तिथंच संपली.

गुणवंतरावांनी कपाळावर हात मारला.

"काय केलंत हे!" बर्वे ओरडले. "आता हेच छापायला जाणार. दुसरी तबकडी नाही माझ्याकडे!"

झीलकरी खाली मान घालून उभे राहिले. मुखरू उठून यंत्रापाशी आला.

"साहेब, हे मिटवता नाई येत?"

"नाही!"

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग राहू द्या," मुखरू म्हणाला. "नाव बराबर आलं हाय."