पाठ केलेल्या आवडी

"ती कादंबरी मी वाचलेलीच नाही," इमारतीचा लिफ्टवाला म्हणाला.

तिच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. रविवारची सकाळ होती. तो मागणी घालायला आलाय, हे ती ओळखून होती. त्याच्या नव्या शर्टाची घडीही अजून मोडली नव्हती. आणि तिचा होकार तर ओठांवरच आला होता.

"हा बिनसाखरेचा चहाही माझ्या घशाखाली उतरत नाही," तो मान खाली घालून पुढे म्हणाला. "बंद खिडक्यांत जीव घुसमटतो. सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नाही. तुमच्या आवडी मी नुसत्या पाठ केल्या होत्या. लग्नाचं विचारण्याआधी एवढं सांगायलाच हवं होतं."

"पण तुम्हाला त्या सांगितल्या कोणी?"

"ते नका विचारू. पाठ मी केल्या, चूक माझी."

ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. खोटे दात अगदी खऱ्यासारखे दिसावेत, हेच तिचं रोजचं काम. तरीही ती फसली होती.

त्या जुन्या, जाडजूड कादंबरीत एक गोडबोल्या कप्तान होता. नायिकेच्या मोलकरणीला फितवून तो नायिकेच्या आवडीनिवडी काढून घेई आणि त्या आपल्याच म्हणून एकेक करून पुढे मांडी. ती बिचारी हुरळून गेली आणि पार धुळीला मिळाली. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला नीट दिसेनासं झाल्यापासून ही कादंबरी ती आत्याला वाचून दाखवत होती. किती वेळा, कोण जाणे. कप्तान आला की आत्या कडाडायची, "मेल्याच्या जिभेला काही हाड?"

"म्हणजे तुम्ही कप्तानच निघालात," ती म्हणाली.

तो गोंधळला. "तो कबूल करतो का शेवटी?"

"नाही."

"मी केलं," तो हळूच म्हणाला. मग उठला, चपला पायांत सरकवल्या आणि गेला.

आतल्या दारात आत्या चौकट धरून उभी होती.

"मोलकरीण मी होते गं," ती म्हणाली. "लिफ्ट बंद पडली होती तेव्हा हाताला धरून त्यानं मला वर आणून सोडलं. तेव्हाच मनात भरला. तो पहिल्यापासून म्हणत होता, आत्या, हे बरं नव्हे. मीच गळ घातली. आलेली स्थळं तू माझ्यापायी परत पाठवलीस, पोरी. म्हटलं, सगळंच तुझ्या मनासारखं असलं, तर निदान याला तरी नाही म्हणणार नाहीस. तुझ्या आवडी मला नाही तर कोणाला ठाऊक?"

तिनं कपातल्या बिनसाखरेच्या चहाकडे पाहिलं.

साखर आत्याला वर्ज्य होती. वारा आत्याला सोसत नव्हता, म्हणून खिडक्या बंद. आत्याचे गुडघे धरलेले, म्हणून सुट्टी घरात. आणि कादंबरी तर आत्याच्या तरुणपणापासूनची लाडकी. आपलं ओझं होतंय असं म्हातारीला वाटू नये, म्हणून ती दर वेळी म्हणत आली होती, "मलाच आवडतं गं." तेही इतक्या सफाईनं, की कप्तानानंही तोंडात बोट घालावं.

तिनं आत्याला खुर्चीवर बसवलं. तिचे डोळे पुसले.

"खरंय," ती म्हणाली. "तुलाच ठाऊक."

मग ती धावत जिन्यात आली. लिफ्टवाला असून पायऱ्या उतरत होता, अगदी रेंगाळत, जड पावलांनी. तिनं त्याला खालच्या वळणावर गाठलं.

"अहो, थांबा! तुम्ही जे पाठ केलंत ना, त्यातलं काहीच माझ्या आवडीचं नाही. सगळं आत्याचं आहे. इतकी वर्षं मीच तिला फसवत आलेय."

तो कठड्याला धरून तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही.

"मग तुम्हाला काय आवडतं?" त्यानं विचारलं.

ती तिथंच पायरीवर टेकली आणि सरकून त्याच्यापुरती जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "जरा आठवू दे."