डायनामोचा दिवा

यवतमाळच्या दुकानदारानं दोन दिवे पुढं ठेवले. "बॅटरीपेक्षा या डायनामोचा उजेड जास्त पडते. पण चाक फिरे तोवरच, हां. सायकलवरून उतरलं का गेला."

धर्मपालनं डायनामोच घेतला. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुटून गावी पोचायला त्याला अंधार व्हायचा आणि माय दारात जिवाला घोर लावून बसायची. आता तो येताना तिला दुरूनच दिसला असता.

दिसलाही. पांदणीच्या वाटेनं झपझप येणारा पांढरा उजेड पाहून तुळसाबाई शेजारच्या रुखमाबाईला म्हणाली, "पाह्य, माहा धर्मपाल येऊन राह्यला." तेवढ्यात उजेड विझला आणि जरा वेळानं पुढं जाऊन पुन्हा लागला. मग रोज तसंच होऊ लागलं, रोज त्याच जागी.

"दिवा खराब हाय बापू. वापस करून दे."

"दिवा चांगला हाय, माय."

"मंग पाटलाच्या घरापाशीच कायले विझते?"

धर्मपालनं भाकरीचा घास मोडला. नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानंच मायला सांगितलं होतं, "आता पाटलाच्या दारासमोर मी सायकलवरून उतरत नाही." आणि तिनं ते साऱ्या वस्तीत सांगितलं होतं.

तुळसाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. दुसऱ्या दिवशी उजेड विझला, तशी रुखमाबाईनं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "दिवाच खराब देला वं त्या दुकानदारानं."